एका शब्दाची तेवीस कार्डं

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पाचव्यांदा तोच शब्द! माणसाने दुसऱ्याचा अंत पाहावा तरी किती? आज पुन्हा आला, पुन्हा खिडकीजवळच्या चांगल्या खुर्चीत बसला, पुन्हा बुटाच्या खोक्यातून ती कार्डं काढली आणि म्हणतो, "मावशी, आता थोडंच राहिलंय." मागच्या मंगळवारीही थोडंच राहिलं होतं. आणि मी याची मावशी कधी झाले? याच्या आईचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही.

इकडे मशीनवर सहा पँटी उसवून पडलेल्या, दोन कोटांच्या चेनी बदलायच्या, गिऱ्हाईक संध्याकाळी दारात. आणि मी काय करतेय, तर हा माझ्या खोलीत धावत धावत बस पकडतोय ते बघतेय.

हा कोण, ते आधीच लिहून ठेवते. उद्या काही झालं तर कळायला हवं. हा इंग्रजी-स्पॅनिश डिक्शनरी बनवतो. आमची सून ज्या छापखान्यात प्रुफं वाचते त्याच्या वरच्या मजल्यावर याचं ऑफिस. "आमच्या सासूबाई चौदा वर्षं परदेशात एका घरी कामाला होत्या, त्यांना स्पॅनिश येतं," असं सूनबाई तिथे माझ्याबद्दल बोलून बसली. येतं म्हणजे बोलता येतं. लिहायला मला आपलीच भाषा जेमतेम येते, चौथीत शाळा सुटली. इंग्रजीचा तर गंधही नाही. म्हणून हा मला इंग्रजी सांगतच नाही. प्रसंग करून दाखवतो आणि विचारतो, "अशा वेळी तिकडे घरातली माणसं काय म्हणतात?" मी सांगते, तो कार्डावर लिहितो. एका प्रसंगाला एक कार्ड.

पहिल्या दिवशी म्हणाला, "शब्द आहे गेट." मी म्हटलं, "फाटक?" तर हसला. हसण्यासारखं काय होतं? गेटला मी तरी फाटकच म्हणते.

बस पकडली, पत्र आलं, थंडी वाजायला लागली, म्हातारपण आलं, अंथरुणातून उठला, कळलं एकदाचं, मुलाला कसंबसं जेवायला लावलं. हे सगळं म्हणे इंग्रजीत त्या एकाच शब्दात बसतं. मी प्रत्येकाला निराळा शब्द दिला. बसला कोहेर, पत्राला रेसिबीर, उठायला लेवान्तार्से. पंधरा झाले, वीस झाले. मी सरळ विचारलं, "एका शब्दात एवढं भागतं, तर बाकीच्या शब्दांचं ते लोक लोणचं घालतात का?"

"म्हणून तर हा सगळ्यात अवघड आहे मावशी. आमच्या साहेबांना वर्ष झालं या एका शब्दाला."

वर्ष! मला हे पटत नाही. एका शब्दाला एवढा वेळ कोण देतं? याच्या पोटात दुसरंच काहीतरी आहे.

ही वही त्यानेच दिली. काही आठवलं की लिहून ठेवा म्हणाला. ठेवतेय.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज वार नसताना आला. "इकडून जात होतो" म्हणे. माझी गल्ली कुठेच जात नाही, पुढे भिंत आहे.

कार्ड काढलं आणि विचारलं, "समजा, एखादी बाई काहीतरी करते आणि पकडली जाते. काय म्हणाल?"

माझ्या हातात काज करायचं कापड होतं. सुई बोटात गेली.

"बाईच कशाला?" मी विचारलं.

"कुणीही. बाप्या घ्या."

"मग आधी बाई का म्हणालात?"

"मावशी, नुसतं वाक्य आहे हो."

नुसतं वाक्य! मी डोकं दुखतंय म्हणून त्याला वाटेला लावलं.

आता खरं काय ते लिहिते. ही वही मशीनच्या खणात तळाला, जुन्या गाद्यांच्या अभ्र्यांखाली राहील. तिथे सून हात घालत नाही.

मी तिकडून परत आले त्याला अकरा वर्षं झाली. घरात मी सांगितलंय की जिची शुश्रूषा करत होते ती म्हातारी गेली, काम संपलं, म्हणून आले. म्हातारी गेली हे खरं. पण तिला पुरून आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी तिचं सोन्याचं घड्याळ कपाटात नव्हतं. त्या घरच्या बाईसाहेबांनी माझी बॅग जमिनीवर उपडी केली. घड्याळ निघालं नाही. मग म्हणाल्या, विकून मोकळी झालीस. संध्याकाळच्या आत घराबाहेर. चौदा वर्षं त्यांच्या पोरीचं हगणंमुतणं काढलं, तिच्या तापात उशाशी बसले. इकडे माझा मुलगा माझ्या आईच्या पदराला धरून वाढला. आठ वर्षांचा सोडून गेले, आले तेव्हा दाढी करत होता. एवढं करून मी चोर म्हणून घरी आले.

हे कुणाला माहीत नाही. मुलगा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घर सुनेच्या हातात. ती मला घराच्या किल्ल्या देते, कपाट उघडं टाकून जाते. तिला कळलं तर तोंडाने काही बोलणार नाही ती, तसली नाही. पण कपाटाला कुलूप लागायला लागेल. ते कुलूप मला बघायचं नाही. बस, एवढंच.

आणि हा माणूस बरोबर त्याच जागी बोट ठेवतोय.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज त्याची परीक्षा घेतली. खरंच डिक्शनरीवाला आहे की बाईसाहेबांनी पाठवलेला कुणी आहे, ते बघायचं होतं. बाईसाहेब शाळेत इंग्रजी शिकवायच्या. यांचं इंग्रजी, त्यांचं इंग्रजी. धागा जुळतो की नाही?

त्याने विचारलं, "माणूस म्हातारा होतो त्याला काय म्हणतात ते नीट राहिलंय." मी धडधडीत खोटं सांगितलं. पाव शिळा होऊन कडक झाला की तिकडे जे म्हणतात, ते म्हातारपणाला म्हणून ठोकून दिलं. म्हटलं, भाषा येत असेल तर उडेल. येत नसेल तर सापडला.

तो थांबला. चष्मा वर केला. "असं म्हणतात? माणसाला?"

"सर्रास."

"कुठल्याच पुस्तकात नाही हे!" आणि एवढा खूश झाला की कार्डावर दोनदा रेघ मारली. वर म्हणतो, "मावशी, तुम्ही खजिना आहात."

याला काय म्हणावं? सोंग असेल तर फारच उत्तम वठवलंय.

मग गप्पांच्या ओघात म्हणाला, "तुम्ही नेमक्या कुठल्या गावी होतात? म्हणजे कार्डावर गाव लिहावं लागतं, दर गावाची बोली वेगळी." मी भलत्याच गावाचं नाव सांगितलं. आयुष्यात त्या गावी एकदा आगगाडी थांबली होती, तेवढाच संबंध.

"आणि घरात कोण कोण होतं?"

"माणसं होती."

"लहान मूल होतं का? तुमचे शब्द कधीकधी मुलांशी बोलल्यासारखे येतात. छान वाटतं."

बघा! घरात मूल होतं हेही याला कळलं. मी टीप घालायला घेतली आणि मशीन एवढ्या जोरात चालवली की त्याला पुढचं बोलताच आलं नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

शिळ्या पावाचा शब्द मला डसतोय. कुठलं तरी पोर शाळेत ते वाचेल आणि आपल्या आजीला शिळा पाव म्हणेल. भांडण माझं त्याच्याशी, पोराचा काय दोष? सुनेच्या हाती चिठ्ठी दिली: "म्हातारपणाचं कार्ड फाडा. ते पावाचं आहे. माणसाला एनवेहेसेर."

सून चिठ्ठी वाचून हसत सुटली. "आई, मुद्दाम केलंत ना?"

"माझ्या तोंडून गेलं."

"तुमच्या तोंडून काही जात नाही. तुम्ही पाठवल्याशिवाय."

ही पोरगी दिसते साधी.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आता मात्र माझी खात्री पटत चालली आहे. चार वाजता दोऱ्याची रिळं घेऊन येत होते. जिन्याच्या वळणावर सून आणि तो कार्डवाला. सून दबक्या आवाजात सांगत होती, "पूर्ण नाव लिहा. आधी त्यांचं, मग वडिलांचं. नवऱ्याचं नको, त्यांना आवडणार नाही." तो कागदावर उतरवत होता.

मला बघितलं आणि सुनेने हातातलं पाकीट पिशवीत सारलं.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"काही नाही आई, ऑफिसचं."

"ऑफिसला माझ्या बापाच्या नावाशी काय करायचंय?"

तो बिचारा म्हणावं असा चेहरा करून पायऱ्या उतरून गेला. सून म्हणाली, "तुम्ही ना, सगळ्यात आधी वाईट तेच धरता."

पूर्ण नाव कुठे लागतं ते मला शिकवू नका. माझं पूर्ण नाव आयुष्यात तीनदा लिहिलं गेलंय: शाळेत घातलं तेव्हा, पासपोर्टावर, आणि बाईसाहेबांनी चौकीत तक्रार दिली तेव्हा.

म्हणजे सूनही सामील. कपाट उघडं टाकते ते विश्वासाने की बघायला, हेही आता मला सांगता येत नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

मुलगा आला. दोन दिवस झोपून उठून परत जाणार. त्याला विचारलं, "तुझी बायको माझ्याबद्दल काही बोलते का?"

"बोलते. म्हणते, चहात साखर कमी घालत जा, ऐकत नाहीत."

"आणखी?"

"आई, तू मला परीक्षेला बसवलंयस का?"

त्याच्या शर्टाचं बटण लावून दिलं. तो जराही बिचकला नाही. एकतर त्याला काही माहीत नाही, नाहीतर माझाच मुलगा आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज व्हायचं ते झालं.

तो आला. बसला. शेवटची काही कार्डं आहेत म्हणाला. सून घरीच होती, स्वयंपाकघरात बटाटे उकडत होती, मधलं दार उघडं. त्याने कार्ड धरलं आणि म्हणाला, "बाई गुन्हा करते. सगळ्यांना माहीत असतं, पण तिला काही होत नाही, ती आरामात सुटते. तिकडे याला काय म्हणतात?"

मला हे उत्तर शोधायला लागलं नाही. बाईसाहेब दारात उभ्या राहून शेजारणीला हेच म्हणाल्या होत्या, मी बॅग उचलत असताना. से सालियो कोन ला सूया. तिने आपलं साधलं आणि सुटली.

माझ्या डोळ्यांपुढे काय झालं कोण जाणे. मी उठले. त्याला म्हटलं, बास झालं तुझं नाटक, ज्यांनी तुला पाठवलंय त्यांना जाऊन सांग. आणि सुरू झाले. गंमत बघा, ते सगळं स्पॅनिशमध्ये निघालं. अकरा वर्षं त्या भाषेला मी शिवले नव्हते, याला सुटे सुटे शब्द दिले तेवढेच. पण तो संताप त्या भाषेतला होता, तो दुसऱ्या भाषेत आलाच नसता. म्हातारीची लघवी कुणी काढली, ते सांगितलं. तिचं ते घड्याळ दर रविवारी मी चावी देऊन तिच्या मनगटाला बांधत होते, ते सांगितलं. यो नो कोही एल रेलोह! मी हात लावला नाही त्या घड्याळाला! हे तर चार वेळा सांगितलं असेल. मला भाकरी मिळाली नाही, दाखला मिळाला नाही, पोरीचा निरोप घ्यायला मिळाला नाही. सगळं.

थांबले तेव्हा पावणेसहा झाले होते. बटाट्याचं पाणी आटून वास सुटला होता. सून दारात उभी. तिला शब्दही कळला नसणार, पण ती हातातलं फडकं पिळत होती.

आणि तो? तो लिहीत होता. मान खाली घालून एकामागून एक कार्ड. घाम पुसायलाही थांबला नाही. शेवटी कार्डं खोक्यात लावली, उभा राहिला आणि मान लववून गेला.

खोक्यात माझी तेवीस कार्डं गेली. मी मोजली. माझ्या तोंडाने मी माझं सगळं बोलून बसले आणि ते लिहून नेलं त्याने. याला मूर्खपणा म्हणतात.

बुधवार, १९ फेब्रुवारी

कार्डं परत आणायचीच, असं ठरवून छापखान्यात गेले. सून डबा विसरली होती, तेवढं निमित्त मिळालं. खाली यंत्रं धडधडतात, त्याने वरच्या मजल्यावरचे कप टेबलावर सरकत असतात. त्याच्या खोलीत भिंतभर लहान लहान खण. माणसाला घर नसेल तर यातल्या एखाद्यात राहील, असं वाटलं.

मला बघून त्याने उठून दार लावलं. मी म्हटलं, "कार्डं द्या."

"मावशी, बसा."

"बसायला आले नाही."

"ती खणात गेली. एकदा कार्ड खणात गेलं की ते कुणाचं राहत नाही, कोशाचं होतं. ही इथली रीत आहे. मीसुद्धा काढू शकत नाही, साहेबांची सही लागते." मग त्याने एक खण उपसून माझ्यापुढे ठेवला. "हा तुमचा. काल रात्री घरी बसून मी सगळ्यांचं इंग्रजी केलं. मावशी, मी बावीस वर्षं हे काम करतोय. एका दमात या एका शब्दाचे एवढे अर्थ कुणी मला दिले नव्हते. काय गोष्ट रचलीत तुम्ही!"

"गोष्ट?"

"हो. मोलकरणीची." त्याचे कान लाल झाले होते, खोलीत उकडत असणार. "रचलेली गोष्ट कुणाचीच नसते. कार्डावर नावगाव काही नाही. गाव तर तुम्ही सांगितलेलं तेच." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला.

शिकलेला माणूस आणि इतका बावळट! मी घसा फुटेपर्यंत ओरडले आणि याला वाटलं मी त्याला उदाहरणं देतेय. खरा माणूस आणि वाक्य यातला फरकच कळत नाही यांना. मला हसावं की रडावं कळेना. पण छातीवरचं ओझं उतरलं हे खरं. हा बाईसाहेबांचा माणूस नाही. असा माणूस कुणाचाच असू शकत नाही.

मी म्हटलं, "घड्याळाचं काय लिहिलंय, ते वाचा."

त्याने वाचलं. आधी इंग्रजी, मग माझं, मग अर्थ सांगितला: "ते घड्याळ तिने घेतलं नव्हतं."

"पुन्हा वाचा."

पुन्हा वाचलं. निळ्या शाईत, सुवाच्य. अकरा वर्षांत हे कुणी लिहिलं नव्हतं. चौकीतल्या कागदावरही नाही, तिथे फक्त बाईसाहेबांचं होतं.

निघताना म्हणाला, "पहिल्या पानावर तुमचं पूर्ण नाव येणार आहे. ज्यांनी शब्द दिले त्यांच्या यादीत. सूनबाई महिनाभर माझ्या मागे लागल्या होत्या."

"मग जिन्यात कुजबुजायचं कशाला?"

"आधी सांगितलं तर तुम्ही नको म्हणाल, असं त्या म्हणाल्या."

"म्हणालेच असते."

डबा सुनेला दिला. ती माझ्याकडे बघून कागदामागे हसली, ते मला दिसलं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सून आज लवकर आली. हातपाय धुतले, चहा टाकला, माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. तिच्या हाती प्रूफ होतं, त्या शब्दाचं पान.

"आई, तुमची वाक्यं आली. मी वाचली." मला स्पॅनिश येतं आणि तिला इंग्रजी, हे मी कशी विसरले? उजवीकडचं तिला कळत नव्हतं, पण डावीकडे इंग्रजी होतं.

मी बटाटे सोलत होते. सोलत राहिले. "रचलेली गोष्ट आहे."

"हो. तुमचे कार्डवाले सरही तेच म्हणाले. दोनदा म्हणाले. आई, मला माहीत आहे. लग्नाच्या आधीपासून."

सुरी थांबली.

"त्या बाईंचं पत्र आलं होतं यांच्या नावावर. इंग्रजीत. यांना वाचता येईना, म्हणून माझ्याकडे घेऊन आले. तेव्हा आमचं नुसतं ठरत होतं. मी वाचून दाखवलं."

"काय होतं त्यात?"

"तुमची आई चोर आहे, घड्याळ परत पाठवा."

"आणि तो काय म्हणाला?"

"म्हणाले, माझ्या आईने मला आठ वर्षांचा टाकला तो दुसऱ्याचं पोर राखायला. ती घड्याळासाठी ते वाया घालवेल का? मग म्हणाले, उत्तर लिही. मी लिहिलं. त्यांनी सही केली. आणि मी घरी जाऊन सांगितलं की लग्न करेन तर याच्याशी."

अकरा वर्षं! अकरा वर्षं मी या घरात चोरासारखी जपून वावरले, आणि या दोघांना पहिल्या दिवसापासून ठाऊक! मी भडकले. म्हटलं, "तोंड नव्हतं का तुम्हाला?"

"तुम्ही सांगितलं नाहीत, आम्ही विचारलं नाही. यांनी बजावलं होतं, आई स्वतःहून बोलेल तेव्हा बोलेल."

"माझी मजा बघत होता."

"हो आई. बसल्या बसल्या तुमची मजा बघत होतो." तिने चहा गाळला, साखर अर्धा चमचाच घातली. मग हळूच म्हणाली, "सगळं सांगितलंत, पण ते कुणी नेलं ते एकाही कार्डावर नाही. त्या मुलीने, ना?"

मी बटाटा सोलत राहिले. डोळे काढले, तुकडे केले, पाण्यात टाकले. चौदा वर्षांची होती. कपाटाजवळ मला बघून जी पांढरी पडली, ते अजून दिसतं. एवढ्या रागातही तिचं नाव माझ्या तोंडातून का आलं नाही कोण जाणे. घाई होती म्हणून असेल.

सुनेने पुन्हा विचारलं नाही. प्रूफ माझ्यापुढे सरकवलं. "आता खरं वाईट ऐका. पान एका ओळीने जास्त झालंय. मोठ्या साहेबांनी लाल पेन्सिल मारली. ही ओळ काढली."

"कुठली?"

"घड्याळ घेतलं नव्हतं, ती. म्हणे, घेण्याचं उदाहरण आधीच आहे, छत्रीचं."

"आणि बाईसाहेबांची? सुटली आपलं साधून?"

"ती राहिली. ती एकटीच आहे तशी."

म्हणजे पुस्तक निघणार, पहिल्या पानावर माझं नाव आणि माझ्या बापाचं, आणि आत घड्याळ, मोलकरीण आणि ती सुटली, एवढंच. मी घेतलं नव्हतं हे कापलं. छत्रीपायी! बाईसाहेबांनी एकदा चौकीत लिहिलं, आता हे छापणार. बाईसाहेबांच्या शाळेत अशी डिक्शनरी येणारच. त्या पोरीच्याही हाती पडेल. तिने काय वाचावं?

कार्डवाल्याने साहेबांना सांगितलं म्हणे. साहेब म्हणाले, उदाहरणावर एवढं रडायचं नसतं.

रविवार, २३ फेब्रुवारी

पत्र केलं. सून म्हणाली, मी जरा नीट भाषेत लिहिते. मी म्हटलं, तू फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघ, भाषा माझी राहील. नक्कल इथे उतरवते:

"मोठे साहेब यांस,

तुम्ही मला ओळखत नाही. गेट या शब्दाला जी माणसाच्या तोंडची वाक्यं तुमच्याकडे आली, ती माझ्या तोंडची आहेत. तुमचा कार्डवाला म्हणतो ती रचलेली गोष्ट आहे. तो भला माणूस आहे, त्याला काही बोलू नका. गोष्ट रचलेली नाही.

तुमच्या पानावर एक बाई चोरी करून सुटते. तिने चोरी केली नाही, हे त्याच्याच वरच्या ओळीत होतं, ते तुम्ही खोडलंत. जागा नाही म्हणालात. मी कपड्यांचं काम करते. कापड कमी पडलं तर दोन्ही बाह्या सारख्या आखूड करतात. एक अख्खी ठेवून दुसरी कापत नाहीत. कुणी तसं केलं तर गिऱ्हाईक तोंडावर फेकतं.

छत्रीची ओळ काढा. छत्री कुणी घेतली, कुणी नाही, याने कुणाचं घर सुटत नाही.

ते जमत नसेल तर दोन्ही ओळी काढा आणि माझं नावही काढा. नावाशिवाय मी चोपन्न वर्षं काढली. पण एक ठेवून एक कापून, वर माझ्या बापाचं नाव, हे मी चालू देणार नाही. मग मी तुमच्या दारात येऊन उभी राहीन आणि दोन्ही भाषांत बोलेन. माझा आवाज तुमच्या यंत्रांवर ऐकू जातो.

वाक्य असं आहे: ते घड्याळ तिने घेतलं नव्हतं. त्यात एकही शब्द कमी-जास्त करू नये.

पान गुरुवारी यंत्रावर चढणार असं सून सांगते. मला बुधवारी, सव्वीस तारखेला, संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर हवं. लेखी. ठेवणार की नाही?"